परतीच्या लाइनला दाब नसतो

यवतमाळ
५ ऑगस्ट २०२४

ती. मोठे बाबा,
दीपमालाचा सप्रेम जय भीम.

काल फोन केला होता, पण तुम्ही पलीकडून "हॅलो, कोण बोलून राह्यलं? मोठ्यानं बोल ना!" एवढंच ओरडत राहिलात आणि मग ठेवून दिलात. अठ्ठावीस वर्षं पंपघरात मोटरशेजारी बसून तुमचे कान गेले. डोळे मात्र शाबूत आहेत, म्हणून आजपासून पत्रच लिहिणार. आपल्या गावच्या बबलूच्या जीपने पाठवते आहे, पोस्टापेक्षा तो लवकर पोचतो.

कोर्स सहा महिन्यांचा आहे. नाव लांबलचक इंग्रजी, काम एकच: तपासणीसाठी माणसाचं रक्त नीट काढणं. शिकवायला रुपाली मॅडम आहेत. कडक आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सुईला कोणी हात लावायचा नाही. आधी रक्त कुठून निघतं आणि कुठे जातं ते सांगा."

मोठे बाबा, वर्गात सगळे पुस्तक उघडून बसले आणि मला आपली पाणीपुरवठा योजना दिसायला लागली. हृदय म्हणजे मोटर. पण एका खोक्यात दोन मोटरी. उजवीकडची रक्त फुप्फुसात पाठवते, तिथे ते हवा भरून घेतं. डावीकडची तेच रक्त सगळ्या अंगभर पाठवते. मोटरीतून निघणाऱ्या मेन लाइनला धमनी म्हणतात. तिला भरपूर दाब, हात ठेवला तर ठोके लागतात. मग लाइन फुटत फुटत केसाहून बारीक होते, घराघरात रक्त पोचतं आणि वापरलेलं रक्त परत येतं, ते शिरांमधून. परतीच्या लाइनला दाब नसतो. म्हणून पायातलं रक्त वर चढताना उलट खाली येऊ नये यासाठी शिरांमध्ये जागोजागी वॉल आहेत, एकाच बाजूला उघडणारे. बसल्या जागी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरतं, आणि अंगात असतंही तेवढंच.

तपासणीचं रक्त शिरेतून काढतात. सध्या रबरी हातावर सराव चालू आहे. तो बिचारा ओरडत नाही.

आई-बाबांना जय भीम.

तुमची
दीपमाला


हिवरखेडा, ता. दारव्हा
९ ऑगस्ट २०२४

चि. दीपमाला,
मंगलकामना.

पत्र मिळालं. पाकिटावर नुसतं 'नळवाले मोठे बाबा' लिहिलं होतंस, तरी बबलूने जीप थेट टाकीखाली आणून थांबवली. एवढाच पत्ता पुरे. या गावात धर्मपाल म्हटलं तर चार जण विचारतील, कोणता? नळवाला म्हटलं की लहान लेकरूही पंपघराकडे बोट दाखवतं.

तुझं पत्र मी टाकीखाली बसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला स्वतःचा आवाज कमी ऐकू येतो, त्यामुळे ते नाक्यापर्यंत गेलं म्हणतात. दोन मोटरींचं ऐकून सगळे गार. भागीरथाबाई म्हणाली, "म्हणजे आपल्या गावापेक्षा माणसाच्या अंगात योजना बरी हाय."

मला मात्र एक कळलं नाही. आपण पाणी सोडतो ते सोडतो, वापरलेलं पाणी कोणी परत आणून देत नाही. शरीराची ग्रामपंचायत फारच हुशार दिसते. हे परतीचं रक्त मोटरीपर्यंत ढकलतं कोण? दाब नाही म्हणतेस तर ते चढतं कसं? मॅडमना विचार.

दुसरी बातमी. पंधरा डिसेंबरला गावात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर आहे. मी सगळ्यांना सांगून मोकळा झालो की रक्त आमची दीपमाला काढणार. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण बघावं लागलं.

तुझे
मोठे बाबा


यवतमाळ
१२ सप्टेंबर २०२४

ती. मोठे बाबा,
सप्रेम जय भीम.

उशीर झाला, रागावू नका. तुमचा प्रश्न वर्गात विचारला तर मॅडम खूश झाल्या. चालताना, काम करताना पोटऱ्यांचे आणि दंडाचे स्नायू आवळतात, त्यात शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. वॉल त्याला परत येऊ देत नाहीत. श्वासही थोडी ओढ देतो. म्हणजे परतीचं पाणी लोकच उपसून देतात.

आता आम्ही इथल्या एका दवाखान्यात कामाला जातो. कोपराच्या वर चार बोटं सोडून पट्टा बांधायचा, शीर फुगते. स्पिरिटचा बोळा फिरवून वाळू द्यायचं, आणि सुईचं तोंड वर ठेवून तिरकी सुई घालायची. पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. आणि सगळ्यात आधी नाव विचारायचं. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच विचारायचं, मग तो ओळखीचा असो की घरचा. रक्त काढल्यावर त्याच्यासमोरच ते नाव ट्यूबवर लिहायचं. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावाने गेलं तर औषधही चुकीच्या माणसाला जातं.

मी पहिलं रक्त काढलं, मोठे बाबा! एका काकांचं. सुई घातली आणि रक्त असं कारंज्यासारखं उसळून ट्यूबमध्ये आलं की सगळे बघतच राहिले. मॅडमनी पाठ थोपटली. टाकीखाली सगळ्यांना सांगा.

तुमची
दीपमाला


हिवरखेडा
१६ सप्टेंबर २०२४

चि. दीपमाला,

पत्र मिळालं. सात-आठ जण वाट बघत बसले होते. मी पाकीट फोडलं, मनात वाचलं, आणि घरगुती आहे सांगून खिशात घातलं.

एक विचारतो. पाच ऑगस्टच्या पत्रात तू लिहिलंस की परतीच्या लाइनला दाब नसतो. तपासणीचं रक्त शिरेतून काढतात हेही लिहिलंस. मग बारा सप्टेंबरला कारंजं कुठून आलं? वरच्या आळीच्या पार शेवटच्या नळाला कारंजं उडालेलं मी अठ्ठावीस वर्षांत पाहिलं नाही.

तेव्हा एक तर सुई धमनीत गेली, नाही तर सुई गेलीच नाही. पहिलं असेल तर ते काका कसे आहेत ते कळव. दुसरं असेल तर तू कशी आहेस ते कळव.

तुझे
मोठे बाबा


यवतमाळ
२९ सप्टेंबर २०२४

ती. मोठे बाबा,

काका कोणी नव्हतेच.

मीच शिकवलं आणि मीच त्यात सापडले. तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग संडासात जाऊन रडले, कारण खोलीत माझ्या वर्गातली अर्पिता होती.

दवाखान्यात पहिल्या दिवशी मॅडमनी एका माणसाचं रक्त काढून दाखवलं. रक्त काळपट लाल, गुपचूप ट्यूबमध्ये उतरत होतं. मला एवढंच आठवतं. पुढे मी फरशीवर आणि तो पेशंट मला पाणी पाजतोय. मॅडम म्हणाल्या की घाबरल्यावर एकदम दाब उतरतो, डोक्याच्या टाकीत रक्त चढत नाही, आणि माणूस आडवा झाला की आपोआप चढतं. त्यांनी चांगल्या मनाने समजावलं, पण बाकीची मुलं तेव्हापासून मला 'आडवी' म्हणतात.

नंतर तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा शीर दिसलीच नाही. दुसऱ्यांदा दिसली, पण सुई टोचताच ती बाजूला सरकली. तिसऱ्यांदा मी शोधत राहिले आणि पट्टा सोडायचं विसरले. त्या बाईचा हात निळा पडला, ती ओरडली. आता पेशंट मला बघून दुसऱ्या टेबलाकडे जातात.

तीस नोव्हेंबरपर्यंत पन्नास जणांचं रक्त काढून रजिस्टरवर मॅडमच्या सह्या घ्यायच्या आहेत. नाही तर प्रमाणपत्र नाही. अर्पिताचे सतरा झालेत. माझं पान कोरं आहे. शिबिराला माझ्या हातात सुई नसणार. तुम्ही गावभर सांगून ठेवलंत, आणि मला तुमची मान खाली जायला नको होती, म्हणून खोटं लिहिलं.

रागवा, पण पत्र बंद करू नका.

दीपमाला


हिवरखेडा
३ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमाला,
मंगलकामना.

रागावलो नाही. कारंजं उडवायचंच होतं तर आधी शिकवायला नको होतंस. थापही नीट मारता आली नाही तुला, म्हणजे पोरगी चांगली आहे.

आता माझं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वरच्या आळीत पाणी चढेना. मी रस्त्यावर ओल दिसली तिथे खणलं. लीकेज नाही. पुढे ओल दिसली, तिथे खणलं. पाच खड्डे केले, त्यातल्या एकात लग्नाची वरात अडकली आणि नवरदेवाने मला भर रस्त्यात शिव्या घातल्या. तेव्हा जुना पाणीवाला मारोतीभाऊ जिवंत होता. तो म्हणाला, "डोयानं कायले शोधून राह्यला? पाणी फुटते एकीकडं अन् वर येते दुसरीकडं." त्याने एक लोखंडी सळई दिली. एक टोक जमिनीवर, दुसरं कानाशी. पाणी वाहत असेल तिथे सळई गुणगुणते. पुढे कान गेले, तेव्हा मी ते टोक तळहाताला लावायला शिकलो. आजही गावातली कुठलीही लाइन मी डोळे मिटून सांगतो.

तू डोळ्यांनी शोधतेस, म्हणून शीर तुला फसवते. बोटाने शोध. आणि दाबू नकोस. जिच्यात दाबच नाही ती दाबल्यावर रिकामी होणार, मग लागणार कशी? अलगद ठेव आणि थांब. घाई झाली तर पट्टा सोड, त्या बाईला माफी माग, पुन्हा बांध. वॉल बंद करून घरी जेवायला गेलेला पाणीवाला गाव माफ करत नाही.

राहिली माझ्या मानेची गोष्ट. माझ्या आजोबांना या गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. ते खाली ओंजळ धरून उभे राहायचे आणि वरून कोणी ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. आज त्याच गावाच्या टाकीची चावी माझ्या कमरेला आहे, आणि मी फिरवल्याशिवाय कोणाच्या घरी चहा होत नाही. ही मान इतक्या सहज खाली जात नसते बाई. तू पडलीस ते आपल्या घरात कोणी न केलेलं काम करताना पडलीस. पड अजून दोनदा. पण खोटं लिहू नकोस.

तुझे
मोठे बाबा


यवतमाळ
२१ ऑक्टोबर २०२४

ती. मोठे बाबा,
सप्रेम जय भीम.

हे पत्र नीट बसून वाचा.

तुमचं पत्र आल्यापासून मी रोज संध्याकाळी अर्पिताचा हात मांडीवर घ्यायची आणि डोळे मिटून शीर शोधायची. सुई नाही, काही नाही. मग खोलीतल्या बाकीच्या दोघींचे. शीर बोटाखाली पिकल्या बोरासारखी लागते, दाबली की बसते आणि सोडली की उठते. धमनी ठोके देते. स्नायूची दोरी घट्ट असते, ती उठत-बसत नाही. हे पुस्तकात होतंच, पण बोटाला माहीत नव्हतं.

परवा तांड्यावरून धनीबाई नावाच्या आजी आल्या. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या आणि कोपराच्या वर बंजारा सुवासिनी घालतात त्या पांढऱ्या बलिया. मधे जी चार बोटं कातडी उरली ती सगळी हिरव्या गोंदणाने भरलेली. आमच्यातला अतुल सगळ्यात तरबेज, त्याने दिवा जवळ घेऊन बघितलं आणि म्हणाला, "आजी, हे सगळं उतरवा." आजी उठूनच उभ्या राहिल्या. "माहा नवरा जिता हाय. तुह्या रक्तासाठी मी बलिया उतरवू? नाही देत जा." अतुल म्हणाला, मग नाही होत.

मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "आजी, उतरवू नका. वरच्या फक्त दोन बोटं वर सरकवता काय? तुम्हीच सरकवा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सरकवल्या. तेवढ्या फटीत पट्टा बसला. मी पूर्ण नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मग मी डोळे मिटले. मागे कोणीतरी हसलं. बोट अलगद ठेवलं आणि थांबले. ती होती, मोठे बाबा! गोंदणातल्या विंचवाच्या शेपटीखाली, तिरकी, जाडजूड. डोळे उघडले, सुई घातली आणि रक्त आलं. काळपट, संथ. कारंजं नाही. पट्टा सोडला, सुई काढली, बोळा दाबला. ट्यूब हलक्या हाताने उलटसुलट केली आणि आजींसमोर नाव लिहिलं.

आजी म्हणाल्या, "झालं? हिच्या हाताले नजर हाय." मॅडमनी रजिस्टर मागवलं आणि पहिली सही तिथेच केली. मी पडले नाही. उलट बराच वेळ उभीच राहिले, बसायचं सुचलं नाही.

हे पत्र टाकीखाली वाचा. पण त्याआधी एकोणतीस सप्टेंबरचं वाचा. दोन्ही वाचणार असाल तरच हे वाचा.

तुमची
दीपमाला


हिवरखेडा
२७ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमाला,
मंगलकामना.

दोन्ही वाचली. पहिलं वाचताना माझा आवाज बसला, तर भागीरथाबाईने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "वाचा ना पुढं!" धनीबाईचं वाचून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या असतील तर मला ऐकू आल्या नाहीत, पण हात हलताना दिसले. भागीरथाबाईचं म्हणणं सगळ्यांना पटलं. ती म्हणाली, "जे पोरगी पडून उठली तिच्याच हातानं मी रक्त देईन. न पडलेल्याचा काय भरोसा?"

मी पुन्हा एकदा छाती फुगवली आहे, आता शर्टाला बटणच नाही.

फक्त शिबिराच्या दिवशी मी तिथे नसेन. मोटर उघडायची आहे, दिवसभराचं काम आहे. तू मन लावून कर.

तुझे
मोठे बाबा


यवतमाळ
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मोठे बाबा,
सप्रेम जय भीम.

आज पन्नास पूर्ण झाले. एकावन्नावंही केलं, उगीच. मुलं मला आता 'उभी' म्हणतात. प्रमाणपत्र कोर्स संपल्यावर मिळेल, पण शिबिराच्या पथकात मॅडमनी माझं नाव घातलं आहे, अगदी सुईच्या टेबलावर.

तुमच्या मोटरचं बोलायचं तर बबलूने सांगितलं की ती गेल्या महिन्यातच उघडून झाली. मागे दवाखान्यात इंजेक्शनला तुम्ही खिडकीतून निघून गेला होतात, हेही त्यानेच सांगितलं. मोठे बाबा, खोटं लिहू नकोस असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

पंधरा तारखेला वाट बघते.

तुमची
दीपमाला


हिवरखेडा
१७ डिसेंबर २०२४

चि. दीपमाला,
मंगलकामना.

तू परवाच भेटून गेलीस, तरी हे पत्र लिहितो, कारण समोर बोलता आलं नाही.

मी आलो ते तुझ्या टोमण्याने नाही. पंपघरात बसलो होतो, मोटर ठीकठाक चालू होती आणि मला स्वतःचीच लाज वाटली. शाळेतल्या शिबिरात आलो तेव्हा तुझ्यासमोर रांग लागली होती. भागीरथाबाई हात दुमडू नको म्हटल्यावरही तो दुमडून कौतुक सांगत फिरत होती. पांढऱ्या कोटात तू मला आधी ओळखू आली नाहीस.

माझा नंबर आला. मी हात पुढे केला आणि डोळे मिटणार, तेवढ्यात तुझे ओठ हलताना दिसले. तू म्हणालीस, "तुमचं पूर्ण नाव सांगा." मला वाटलं चेष्टा आहे. मागचे सगळे हसत होते. बबलूने नंतर सांगितलं की लोक म्हणत होते, "आपल्याच मोठ्या बापाले नाव इचारून राह्यली! अवो, नळवाला लिही ना!" तू हसली नाहीस. माझ्या डोळ्यांत बघून पुन्हा तेच विचारलंस. तू मला नियम कळवला होतास, मला तो पाठ आहे. रेशनच्या कार्डावर नाव छापलेलं असतं, मतदानाच्या यादीत असतं. पण कोणी समोर बसून, हातातलं काम थांबवून, तुम्ही सांगा आणि मी ऐकते असं मला आजवर विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. किती मोठ्याने सांगितलं ते मला कळलं नाही, पण रांगेच्या टोकापर्यंतच्या माना माझ्याकडे वळलेल्या दिसल्या.

सुई टोचली ते कळलं, नाही असं म्हणणार नाही. डोळे मिटलेच होते. मग हळूच एक उघडला. तुझं बोट माझ्या शिरेजवळ होतं, अगदी हलकं, मी सळई धरतो तसं. रक्त गुपचूप उतरत होतं. माझं रक्त आणि आपल्या घरच्या पोरीचा हात. मला जे वाटलं त्याला अभिमानच म्हणतात, दुसरा शब्द मी शोधला नाही. मग तू ट्यूबवर लिहिलंस आणि मला वाचायला दिलंस. शब्दन् शब्द बरोबर होता.

काल सकाळी वरच्या आळीचा वॉल खोलायला गेलो. भागीरथाबाई नळाला पाण्याचा गुंड लावून उभी होती. तिने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मी नेहमीसारखी मान हलवली आणि पुढे निघालो, मग थांबलो. तिने 'धर्मपालभाऊ' म्हटलं होतं. त्याआधी माझं नाव कोणाच्या ओठांवर कसं दिसतं ते मला माहीतच नव्हतं. पुढच्या दोन दारांतही तेच दिसलं.

रिपोर्ट काय यायचा तो येवो. मी तयार आहे.

आणि ऑगस्टमध्ये पत्त्याविषयी मी जे लिहिलं होतं ते रद्द समज. यापुढे पाकिटावर पूर्ण नाव लिहीत जा. बबलूला मी सांगून ठेवलं आहे.

तुझे मोठे बाबा,
धर्मपाल गोविंदा मुनेश्वर